चूल ते ओटा : नंदुरबार जिल्ह्यातील स्वयंपाकघराचे परिवर्तन आणि सुरक्षिततेचा प्रश्न

प्रस्तावना

सामाजिक इतिहासाच्या अभ्यासात घराचा विचार होतो, कुटुंबसंस्थेचा विचार होतो. परंतु घराच्या ज्या भागात स्त्रीच्या आयुष्याचा मोठा काळ जातो, त्या स्वयंपाकघराचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः मराठी भाषेनेच घर आणि चूल यांना एकरूप मानले आहे. भाऊ विभक्त झाले की 'चुली वेगळ्या झाल्या' असे म्हटले जाते आणि घरातील सर्वांना जेवणाचे बोलावणे म्हणजे 'चूलबंद आमंत्रण' असते. म्हणून चुलीत झालेला बदल हा केवळ इंधनातील बदल नसून गृहरचनेतील व गृहव्यवस्थेतील बदल ठरतो.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा प्रदेश पश्चिम खानदेशात आणि १९०६ पूर्वी अखंड खानदेश जिल्ह्यात समाविष्ट होता. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) असे सहा तालुके असलेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी इत्यादी जमातींच्या सातपुड्यातील पाड्यांपासून तापीकाठच्या सपाटीवरील गावांपर्यंत स्वयंपाकघराची अनेक रूपे येथे एकाच काळात आढळतात. स्वयंपाकघराची रचना कोणी करावयाची आणि त्यात आलेले नवे साधन सुरक्षितपणे कोणी बसवावयाचे, या दोन प्रश्नांची फारकत कशी झाली, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

चूल : घरच्या हाताची रचना

सातपुड्यातील पारंपरिक घर सागाचे खांब, बांबूच्या कुडाच्या शेणामातीने लिंपलेल्या भिंती आणि कौलारू छप्पर यांचे असते. स्वयंपाकासाठी स्वतंत्र खोली असतेच असे नाही. घराच्या एका कोपऱ्यात चूल मांडलेली असते. सपाटीवरील शेतकरी घरात मात्र चुलीला जोडून वैल, भिंतीशी मांडणी, बाजूला उतरंड अशी अधिक ठरीव रचना दिसते. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती. चूल घालणारी आणि चूल वापरणारी व्यक्ती एकच असे. माती कोणती घ्यावी, तीत भुसा किती मिसळावा, तोंड किती रुंद ठेवावे, हे ज्ञान आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे जात असे. रोज पोतेरे फिरवताना चुलीला गेलेली भेग लक्षात येई व त्याच वेळी ती बुजवली जाई. बांधणी, तपासणी आणि दुरुस्ती ही तीनही कामे अशा रीतीने एकाच हाती एकवटलेली होती.

ही रचना स्थानिक अन्नाशी व इंधनाशी जुळलेली होती. ज्वारी-मक्याच्या भाकरीला तव्याखाली पसरट जाळ लागतो. खानदेशातील खापरावरच्या पुरणपोळीला तर त्याहून रुंद आच लागते. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, गोवऱ्या आणि जंगलातील सरपण अशा भिन्न जातीच्या इंधनांना मोठ्या तोंडाची चूलच सोयीची होती. धुराचाही उपयोग होता. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेले बियाणे व मक्याची कणसे धुरामुळे किडीपासून वाचत आणि छपराच्या बांबूलाही कीड कमी लागे.

तथापि या व्यवस्थेची किंमत मोठी होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी शेजारच्या गुजरातमधील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर मापनयंत्रे बसवून अभ्यास करण्यात आला. त्यात त्यांच्या श्वासात जाणारे धूलिकण शहरातील हवेच्या तुलनेत कितीतरी अधिक असल्याचे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातील धुराच्या प्रदूषणामुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. कुडाच्या घरात उघड्या जाळामुळे आगीचा धोका असे, तो वेगळाच. परंपरेचे गुणगान करताना या वस्तुस्थितीकडे डोळेझाक करता येत नाही.

सुधारित चूल : बाहेरून आलेली सुधारणा

धूर घराबाहेर काढण्याचे प्रयत्न स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू झाले. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ मध्ये 'मगन चूल' तयार झाली. हैदराबाद येथे एस. पी. राजू यांनी धुराड्याच्या चुलीवर काम केले व १९५३ मध्ये त्यासंबंधी पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे केंद्र शासनाने १९८३-८४ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो थांबेपर्यंत देशभरात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या 'आरती' या संस्थेने साच्यातून घडवता येणारी धुराड्याची 'लक्ष्मी' चूल प्रसारात आणली आणि गावातच चुली घडवून विकणारे कारागीर तयार करण्यावर भर दिला.

या कार्यक्रमाचे मोजमाप बसवलेल्या चुलींच्या संख्येवर होत असे. बसवलेली चूल दोन वर्षांनी वापरात आहे काय, हा प्रश्न दुय्यम राहिला. ओडिशातील कुटुंबांचा चार वर्षे पाठपुरावा करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डुफ्लो, ग्रीनस्टोन व हॅना यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष या संदर्भात बोलका आहे. सुधारित चुलीमुळे पहिल्या वर्षी श्वासातील धूर घटला. परंतु चुलीची निगा राखली न गेल्याने व तिचा वापर कमी होत गेल्याने पुढे हा लाभ उरला नाही. धुराड्यात काजळी साचते, ते वेळोवेळी साफ करावे लागते. कौलातून काढलेल्या नळीभोवतीची फट पावसाळ्यापूर्वी बुजवावी लागते. जुन्या चुलीची भेग बुजवणारा हात घरातच होता. नव्या चुलीची निगा राखण्याचे ज्ञान मात्र तिच्याबरोबर घरात पुरेसे पोहोचले नाही.

गॅस : जोडणी आणि जागा

भारतात स्वयंपाकाचा गॅस प्रथम १९५५ मध्ये मुंबईत आला. शहरी मध्यमवर्गीय घरात गॅसच्या शेगडीबरोबर कडप्प्याचा ओटा आला आणि बसून होणारा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. ओट्याकडे सहसा सोयीची व प्रतिष्ठेची बाब म्हणून पाहिले जाते. तांत्रिकदृष्ट्या मात्र तो सुरक्षिततेचा भाग आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो वर न जाता जमिनीलगत पसरतो व सखल जागी साचतो. १४.२ किलोग्रॅमचे सिलिंडर सुमारे दोन फूट उंचीचे असते. शेगडीची ज्योत सिलिंडरच्या तोंडापेक्षा वरच्या पातळीवर असावी, या नियमाचे कारण येथे आहे. सुमारे अडीच ते पावणेतीन फूट उंचीचा ओटा हा नियम आपोआप पाळतो. शेगडी जमिनीवर ठेवली की तो मोडतो.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४९ टक्के कुटुंबे मुख्यतः सरपणावर, तर सुमारे २८ टक्के कुटुंबे गॅसवर स्वयंपाक करीत होती. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेने हे चित्र झपाट्याने बदलले. योजनेतील आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी महाराष्ट्रातच, तत्कालीन औरंगाबाद येथे देण्यात आली. गरीब घरातील स्त्रीच्या नावे जोडणी देणारी ही योजना निःसंशय मोठी घटना होय. परंतु आरंभी प्रत्येक जोडणीसाठी शासनाने दिलेल्या १६०० रुपयांच्या तपशिलाकडे पाहिले असता एक बाब ध्यानात येते. सिलिंडर व रेग्युलेटरची अनामत, नळी व पुस्तिका यांवर बहुतेक रक्कम खर्ची पडत असे. घराची पाहणी, मांडणी व प्रात्यक्षिक यांसाठी ७५ रुपयांची तरतूद होती. शेगडी कशावर ठेवावयाची, त्या ओट्यासाठी स्वतंत्र तरतूद त्यात नव्हती.

कुडाच्या एकदालनी घरात यातून नवी परिस्थिती निर्माण होते. सिलिंडर भरून आणण्याचा खर्च परवडत नाही तेव्हा चूल चालू राहते. चहा व भाजी गॅसवर आणि भाकरी चुलीवर, अशी विभागणी अनेक घरांत दिसते. गॅस असलेल्या खोलीत दुसरा उघडा जाळ नसावा, हा सुरक्षिततेचा मूलभूत दंडक असताना एकाच दालनात चूल आणि सिलिंडर शेजारी-शेजारी नांदतात. २०२२ पासून केंद्राचे विशेष अनुदान व २०२४ मध्ये राज्याने घोषित केलेली वर्षाला तीन मोफत सिलिंडरची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना यांनी आर्थिक भार हलका करण्याचा प्रयत्न केला. जागेचा प्रश्न मात्र त्यामुळे सुटत नाही.

वीज : एका दिव्याची तार

विजेच्या बाबतीतही असेच घडले. १९८८-८९ मध्ये सुरू झालेल्या कुटीर ज्योती कार्यक्रमात गरीब घराला एका दिव्यापुरती जोडणी मिळत असे. धडगाव तालुक्यातील बिलगाव येथे ग्रामस्थांनी श्रमदानातून १५ किलोवॉट क्षमतेचा लघुजलविद्युत प्रकल्प उभारला. २००३ मध्ये त्याची वीज मिळू लागली आणि पुढे तो पाण्याखाली गेला. लोकांनी स्वतः उभारलेल्या तंत्रज्ञानाचे हे लक्षणीय उदाहरण आहे. त्याच वेळी प्रकाशासाठीची वीज आणि स्वयंपाकासाठीची वीज यांतील अंतरही त्यातून उमगते. सबंध गावाला दिवे देणाऱ्या १५ किलोवॉटवर २००० वॉटच्या आठ इंडक्शन शेगड्याही एका वेळी चालल्या नसत्या.

सौभाग्य योजनेनंतर (२०१७) जोडण्या वाढल्या व त्यांच्यामागून मिक्सर, शीतकपाट, इंडक्शन शेगडी ही साधने आली. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेते. दिव्यासाठीचा ६ अँपिअरचा सॉकेट व बारीक तार हा भार पेलण्यास असमर्थ असते. तार तापते, आवरण वितळते आणि कुडाच्या किंवा लाकडी भिंतीवर त्याचा परिणाम काय होईल हे सांगण्याची आवश्यकता नाही. अशा साधनासाठी १६ अँपिअरचा तीन छिद्रांचा सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड तांब्याची स्वतंत्र तार व प्रत्यक्ष जमिनीशी जोडलेले अर्थिंग लागते. एमसीबी तारेचे रक्षण करतो. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअर गळतीवर प्रवाह तोडणारे आरसीसीबी हे वेगळे उपकरण असते, हा भेद सुशिक्षित घरांतही पुष्कळदा ठाऊक नसतो.

स्वतः केलेला बदल : मर्यादा आणि शक्यता

घरातील माणसांनी स्वयंपाकघर स्वतः बदलू नये, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. घरकुल योजनांमध्ये लाभार्थी कुटुंब स्वतःच घर उभारते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये किमान २५ चौरस मीटर क्षेत्रात स्वच्छ स्वयंपाकासाठीची जागा गृहीत धरलेली आहे. म्हणजे स्वयंपाकघर नव्याने मांडण्याची संधी आज हजारो कुटुंबांना मिळत आहे. प्रश्न आहे तो कोणते काम घरच्या हाताचे आणि कोणते जाणकाराचे, ही रेषा आखण्याचा.

ओटा बांधणे, त्याच्याशेजारी सिलिंडर उभे राहील अशी मोकळी जागा सोडणे, जमिनीलगत हवेसाठी झरोका ठेवणे, चूल आतल्या दालनातून पडवीत हलवणे, चुलीला धुराडे काढणे ही कामे दगड-विटा-मातीची आहेत. पिढ्यान्पिढ्या चूल घालणाऱ्या हातांना ती परकी नाहीत. रबरी नळीवरील मुदत पाहून ती पाच वर्षांनी बदलून घेणे, सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहणे, रात्री रेग्युलेटर बंद करणे, वास आल्यास दिव्याचे बटन न दाबता दारे-खिडक्या उघडणे हेही घरच्यांनीच करावयाचे आहे. याउलट रेग्युलेटर वा व्हॉल्व्ह उघडून दुरुस्त करणे, नळीला जोड देणे, वायरिंग वाढवणे ही कामे घरी करण्याची नव्हेत. वायरिंगचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे, ही अट १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होती व २०२३ च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांतही ती कायम आहे. दुर्गम पाड्यात परवानाधारक सहज मिळत नाही, ही अडचण खरी आहे. म्हणूनच ती कुटुंबाच्या निष्काळजीपणाच्या खाती टाकता येत नाही.

निष्कर्ष

नंदुरबार जिल्ह्यातील स्वयंपाकघराच्या वाटचालीतून पुढील बाबी स्पष्ट होतात. पारंपरिक चूल आरोग्यास घातक होती. तथापि तिची बांधणी, तपासणी व दुरुस्ती वापरणाऱ्या स्त्रीच्या ताब्यात होती. सुधारित चूल, गॅस आणि वीज यांनी श्रम व धूर कमी केले. पण प्रत्येक टप्प्यावर योजनेने साधन मोजले, त्या साधनाभोवतीची जागा मोजली नाही. परिणामी नवे साधन जुन्या मांडणीत शिरले आणि जुन्या धोक्याच्या जागी नवा धोका आला. सुरक्षितता ही जोडणीबरोबर मिळणारी वस्तू नाही. ओट्याची उंची, झरोक्याची जागा, तारेची जाडी आणि चूल-सिलिंडरमधील भिंत यांतून ती घडवावी लागते.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न असलेल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांना या संदर्भात हाती घेण्यासारखे काम आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून गावोगावच्या स्वयंपाकघरांची साधी मांडणीचित्रे काढता येतील : शेगडी कशावर आहे, सिलिंडर कोठे आहे, चूल कोणत्या दालनात आहे, अर्थिंग आहे काय. अशा नोंदींतून सामाजिक इतिहासाला मोलाचे साधन उपलब्ध होईल. ज्या घरात शेगडी अजून जमिनीवर आहे, तेथे ओटा बांधण्याचा विचार त्या भेटीतूनच सुरू होऊ शकेल.