संत्र्यावरील काळा ठिपका : एका कवकाच्या ओळखीचा इतिहास

बंदरात उतरलेल्या संत्र्यावरील डाग कोणत्या कवकाचा, हा प्रश्न वरकरणी प्रयोगशाळेपुरता वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर जहाजभर मालाचे आणि एखाद्या देशाच्या बागाईतीचे भवितव्य अवलंबून असते. लिंबूवर्गीय फळांवरील ‘काळा ठिपका’ या रोगाचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

सिडनीजवळील बागांतील या रोगाचे वर्णन बेन्सन याने इ. स. १८९५ मध्ये केले. चार वर्षांनी मॅकआल्पाइन याने त्याच्या कवकास ‘फोमा सिट्रिकार्पा’ हे नाव दिले. ठिपक्यात आढळणारे बीजाणू अलैंगिक होते. याच कवकाची लैंगिक अवस्था गळून कुजणाऱ्या पानांवर तयार होते, हे मात्र १९४८ साली कीली याने दाखविले आणि तीस ‘ग्विनार्डिया सिट्रिकार्पा’ म्हटले. पाकळ्या गळाल्यानंतर सुमारे चार-पाच महिने कोवळ्या फळास संसर्ग होऊ शकतो. पुढे कवक सालीत सुप्त राहते. बागेत निर्दोष दिसलेले फळ प्रवासात किंवा वखारीत डागाळते, ते यामुळेच. केवळ डोळ्यांनी केलेली तपासणी येथे अपुरी पडते, हे उघड आहे.

खरी अडचण निराळीच होती. १९६४ मध्ये मॅकोनी याने दक्षिण आफ्रिकेत असे दाखविले की, रोगकारकासारखेच दिसणारे एक ग्विनार्डिया लिंबूवर्गीय व इतर वनस्पतींत सुप्तपणे वसते आणि काळा ठिपका मुळीच उत्पन्न करीत नाही. म्हणजे केवळ ‘ग्विनार्डिया सापडले’ एवढ्यावरून माल रोगट ठरविणे अन्यायाचे होते. तरीही निर्णायक भेद हाती येण्यास जवळजवळ चार दशके लागली. २००२ साली बायेन व त्याचे सहकारी यांनी दोन्हींच्या डीएनएतील अंतर दाखविले. ओटच्या पिठाच्या अगार माध्यमावर रोगकारक पिवळे रंगद्रव्य सोडते, निरुपद्रवी कवक सोडत नाही. रोगकारकाच्या बीजाणूभोवतीचा श्लेष्मल थर दीड मायक्रॉनहून पातळ, दुसऱ्याचा अधिक जाड. (या निरुपद्रवी कवकास त्यांनी भारतातील आंब्यावरून वर्णिलेल्या जातीचे नाव जोडले होते, ग्लीन्के प्रभृतींनी २०११ मध्ये ते वेगळे असल्याचे दाखवून ‘फिलोस्टिक्टा कॅपिटालेन्सिस’ हे नाव कायम केले.)

ओळख पटली, तरी वाद मिटला नाही. कुजत्या पानांवरील बीजाणू वाऱ्याने पसरतात. फळावरील अलैंगिक बीजाणू मुख्यतः पाण्याच्या थेंबांबरोबर जवळच्या जवळ जातात. म्हणून पाने नसलेले फळ हा रोगप्रसाराचा महत्त्वाचा मार्ग नव्हे, असे अमेरिकन कृषिखात्याने २०१० मध्ये ठरविले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मात्र २०१४ च्या अहवालात धोका नाकारला नाही. तत्पूर्वीच, नोव्हेंबर २०१३ मध्ये, युरोपीय संघाने दक्षिण आफ्रिकेतील रोगग्रस्त प्रदेशांतील फळांची त्या हंगामापुरती आयात थांबविली होती. एकच जीवनचक्र दोघांसमोर असून निष्कर्ष भिन्न निघाले. कारण किती धोका सोसावयाचा, हे सूक्ष्मदर्शक ठरवीत नाही. दक्षिण आफ्रिकेने २०२४ मध्ये हा प्रश्न जागतिक व्यापार संघटनेकडे नेला.

दरम्यान २०१७ साली ग्वार्नाच्चा व सहकाऱ्यांना इटली, माल्टा व पोर्तुगाल येथील लिंबूवर्गीय झाडांखालच्या पालापाचोळ्यात खुद्द रोगकारकच मिळाले. झाडांवर किंवा फळांवर रोगाचे चिन्ह मात्र आढळले नाही.