न्यास (विश्वस्त व्यवस्था)

एकाने दुसऱ्याच्या हाती मालमत्ता सोपवायची, ती तिसऱ्याच्या हितासाठी. या व्यवस्थेला न्यास म्हणतात. सोपवणारा न्यासकर्ता, सांभाळणारा विश्वस्त आणि ज्याच्यासाठी सांभाळायची तो लाभार्थी. खासगी न्यासांना १८८२ चा भारतीय न्यास कायदा लागू आहे. सुज्ञ माणूस स्वतःची मालमत्ता जपतो तशी विश्वस्ताने ती जपावी, हिशेब चोख ठेवावा, लाभार्थ्याने मागितल्यास दाखवावा आणि स्वतःसाठी त्यातून पैचाही फायदा काढू नये. देवस्थाने, शाळा यांसारखे सार्वजनिक न्यास महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली येतात. त्यांची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

सार्वजनिक न्यासाचे लाभार्थी नेमके कोण, हा प्रश्न वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराने ठळक केला. बजाज घराण्याच्या या मंदिराचे दार जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे जुलै १९२८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी उघडले. त्यासाठी त्यांना विश्वस्तांचे मन वळवावे लागले. कायद्याची सक्ती नव्हती, म्हणूनच तो निर्णय फार मोठा. पुढे सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनी धनिकाने स्वतःला आपल्या संपत्तीचा विश्वस्त मानावे, असा विचार मांडला. ती कल्पना मात्र कायद्याची नव्हे, नीतीची.