पांढरं जाणं, वास येणं आणि धुण्याचा इतिहास

अंगावरून पांढरं जाणं आणि त्याला वास येणं, ही तक्रार दवाखान्यात सहसा सगळ्यात शेवटी सांगितली जाते. बीपी झालं, शुगर झाली, गुडघे झाले, की मग आवाज खाली जातो. आणि त्याआधी एक वाक्य ठरलेलं असतं: "डॉक्टर, मी रोज स्वच्छ धुते हो." कुणी साबणाने, कुणी अँटिसेप्टिक घातलेल्या पाण्याने, कुणी टीव्हीवर पाहिलेल्या इंटिमेट वॉशने. म्हणजे वास येतोय याचा अर्थ घाण आहे, आणि घाण आहे म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, हे त्या बाईने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

हे तिच्या डोक्यात आलं कुठून? त्याचं उत्तर वैद्यकाच्या इतिहासात बऱ्यापैकी स्पष्ट सापडतं, म्हणून आज औषधांच्या आधी थोडा इतिहास सांगतो.

१८९२ साली जर्मनीत अल्बर्ट ड्योडरलाइन या स्त्रीरोगतज्ज्ञाने योनिस्रावावर एक पुस्तक लिहिलं. त्या काळी बाळंतिणी ज्वराने दगावत, आणि ते जंतू येतात कुठून हा मोठा प्रश्न होता. ड्योडरलाइनने निरोगी स्त्रियांचा स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तिथेही जंतू! पण ते लांबट, शांत प्रकारचे. ते लॅक्टिक आम्ल तयार करत होते, आणि त्या आंबट वातावरणात पू करणारे जंतू वाढत नव्हते. आज आपण या जंतूंना लॅक्टोबॅसिलस म्हणतो. दूध विरजताना कामाला येतात त्याच गोतावळ्यातले हे.

ही व्यवस्था मुळातून समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पाळी सुरू झाल्यानंतरच्या वयात इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे योनीच्या आतल्या अस्तरात ग्लायकोजेन नावाची साखर साठते. तिच्यापासून हे जंतू आम्ल बनवतात आणि पीएच ३.८ ते ४.५ च्या आसपास ठेवतात. म्हणून थोडा पांढरट, किंचित आंबूस स्राव असणं हे काम नीट चाललं असल्याचं लक्षण आहे. पाळीच्या मध्यावर तो पातळ आणि जास्त होतो, गरोदरपणात वाढतो, रजोनिवृत्तीनंतर कमी होतो. त्याला औषध लागत नाही.

म्हणजे १८९२ मध्येच कळलं होतं की हा भाग स्वतःची राखण स्वतः करतो. मग झालं काय? बाजार झाला. लायसॉल हे जर्मनीत तयार झालेलं जंतुनाशक अमेरिकेत गेलं, आणि १९२० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं तिथल्या बायकांच्या मासिकांत त्याच्या जाहिराती झळकल्या: पाण्यात लायसॉल घालून योनीमार्ग आतून धुवा. चित्रात नवरा पाठ फिरवून निघालेला, बायको दाराआड रडणारी, आणि खाली मजकूर असा, की दोष तिच्या स्वच्छतेत आहे. त्या काळच्या लायसॉलमध्ये क्रेसॉल असे, ज्याने आतली नाजूक त्वचा भाजून निघते. भाजल्याच्या, विषबाधेच्या आणि मृत्यूच्याही नोंदी आहेत. यात आणखी एक पदर होता. अमेरिकेत १८७३ च्या कायद्याने संततिनियमनाची साधनं आणि माहिती टपालाने पाठवायला बंदी होती. त्यामुळे 'स्त्रियांची स्वच्छता' या सभ्य शब्दांआड हेच द्रावण गर्भ राहू नये म्हणूनही विकलं जाई. त्यासाठीही ते कुचकामीच होतं. बाटल्या बदलल्या, रंग गुलाबी झाला, सुवास आला. पण लाजेवर माल खपवायची युक्ती तीच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

डॉक्टर मंडळींचंही फार बरं चाललं नव्हतं. पॅरिसमध्ये आल्फ्रेड दॉने यांनी १८३६ सालीच सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारा ट्रायकोमोनास हा परजीवी पाहिला होता. बुरशीमुळे होणारं, दह्याच्या कवड्यांसारखं, खूप खाज सुटणारं कॅन्डिडाचं इन्फेक्शनही माहीत झालं होतं. या दोन्हींत न बसणाऱ्या सगळ्या बायकांवर मात्र 'नॉन-स्पेसिफिक' असा शिक्का मारला जाई. म्हणजे 'नक्की सांगता येत नाही' हे जरा भारदस्त शब्दांत. आणि वासाची तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणी याच गटात होत्या.

१९५५ साली टेक्सासमधल्या ह्यूस्टनचे हर्मन गार्डनर आणि चार्ल्स ड्यूक्स यांनी या गटाकडे नीट पाहिलं. या रुग्णांच्या स्रावातल्या पेशींवर बारीक जंतू इतके चिकटलेले होते की पेशींच्या कडाच दिसेनात. त्यांना त्यांनी 'क्लू सेल' म्हटलं, म्हणजे सुगावा देणाऱ्या पेशी. जंतू सापडला, आजार सापडला, असं त्यांना वाटलं. सिद्ध करण्यासाठी त्यांनी जे केलं त्याला आज कोणतीही एथिक्स कमिटी परवानगी देणार नाही. त्यांनी तो जंतू निरोगी स्त्रियांच्या योनीत सोडला. निकाल मात्र विचार करायला लावणारा होता. एकटा जंतू दिलेल्या १३ जणींपैकी फक्त एकीला आजार झाला. रुग्णाचा स्राव जसाच्या तसा दिलेल्या १५ पैकी ११ जणींना झाला. म्हणजे गुन्हेगार एकटा नव्हता, टोळी होती. त्या जंतूला पुढे १९८० मध्ये गार्डनरेला हे नाव मिळालं. टोळीतले बाकीचे, ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू हळूहळू उजेडात आले.

वासाचं कोडंही याच टोळीत सुटतं. लॅक्टोबॅसिलस कमी झाले की पीएच ४.५ च्या वर जातो, हे जंतू फोफावतात आणि अमाइन नावाची रसायनं तयार करतात. त्यातलं ट्रायमिथिलअमाइन हे शिळ्या मासळीतही असतं, म्हणून वास मासळीसारखा. आम्लात ही रसायनं दबून राहतात. अल्कली मिळालं की हवेत उडतात. वीर्य आणि रक्त दोन्ही अल्कलीच्या बाजूचे. म्हणून संबंधानंतर आणि पाळीच्या दिवसांत वास वाढतो. साबणही बहुतेक अल्कलीच! तेव्हा जितकं घासाल तितकं आम्ल आणखी धुऊन जाईल.

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलच्या डॉक्टरांनी दाखवलं की मेट्रोनिडाझोल या औषधाने हा आजार चांगला बरा होतो. हे औषध आधी ट्रायकोमोनाससाठी वापरात होतंच. १९८३ मध्ये तिथल्याच आम्सेल आणि सहकाऱ्यांनी निदानाच्या चार खुणा ठरवल्या: पातळ एकसारखा स्राव, पीएच ४.५ च्या वर, अल्कलीचा थेंब टाकल्यावर मासळीचा वास, आणि क्लू सेल. चारपैकी तीन हव्यात. पुढच्या वर्षी नाव ठरलं: बॅक्टेरियल व्हजायनोसिस. शेवटी 'आयटिस' नाही, कारण इथे सहसा सूज, लाली, आग नसते; बिघडतो तो जंतूंचा समतोल.

आपल्याकडे काय चाललं होतं? १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' मध्ये डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला अभ्यास छापून आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी. ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. मला यातला दुसरा आकडा जास्त बोचतो. पुढे २००५ मध्ये गोव्यातल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांवरचा अभ्यास आला, त्यात वेगळीच बाजू दिसली. पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध इन्फेक्शनपेक्षा मनावरच्या ताणाशी, उदासपणाशी जास्त होता. 'पांढरं जातं, कंबर दुखते, अंगात त्राण नाही' असं बाई सांगते तेव्हा कधी कधी ती घरातलंच काहीतरी सांगत असते. स्रावाने ताकद गळून जात नाही, पण म्हणून तिची तक्रार खोटी ठरत नाही.

आता सगळ्यात चिवट प्रश्न: गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, दोन महिन्यांत पुन्हा तेच. असं निम्म्याहून जास्त जणींना वर्षभरात होतं. २००५ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी दाखवलं की हे जंतू अस्तरावर चिकट थर करून बसतात. शेवाळलेली टाकी आठवा. औषधाने वरचे मरतात, थराखालचे उरतात. दुसरं कारण जोडीदार. फक्त गोळ्या देऊन पुरुषांवर केलेले जुने प्रयोग फसले होते, त्यामुळे 'नवऱ्याला औषध नको' असंच आम्ही शिकलो. मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातला प्रयोग प्रसिद्ध झाला: पुरुषाला सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि लिंगावर लावायला क्लिंडामायसिनचं मलम. १२ आठवड्यांत आजार परतला तो ३५ टक्के स्त्रियांना. जोडीदाराला औषध न दिलेल्या गटात हे प्रमाण ६३ टक्के होतं. तेव्हा वारंवार त्रास होत असेल तर नवऱ्याला सोबत घेऊन या. संशय घ्यायला नव्हे, उपचार घ्यायला.

वास असूनही हा आजार नसेल, अशाही शक्यता आहेत. हिरवट-पिवळा फेसाळ स्राव असेल तर ट्रायकोमोनास. तिथे दोघांनाही औषध लागतंच. खाज जास्त आणि वास नाही, असं पुन्हा पुन्हा झालं तर शुगर तपासा. आत राहिलेला टॅम्पॉन किंवा कापूस भयंकर वास देतो, आणि तो काढला की प्रश्न मिटतो. पाळी गेल्यानंतर घाण वासाचा किंवा रक्तमिश्रित स्राव, संबंधानंतर रक्त, ओटीपोटात दुखून ताप, किंवा गरोदरपणात वासाचा स्राव असेल तर थांबू नका. त्यातल्या काहींत गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे का, हे पाहावं लागतं.

स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाण्याआधी दोन दिवस आतून धुऊ नका, योनीत ठेवायची गोळी वापरू नका. नाहीतर पीएच आणि नमुना दोन्ही फसवतात. पाळी चालू नसताना जा. वास कधी वाढतो, आधी कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या, हे कागदावर लिहून न्या. मेडिकलमधून आणलेल्या एका डोसच्या गोळीचं रिकामं पाकीट असेल तर तेही न्या. बाहेरच्या भागाला रोज साधं पाणी पुरतं. आत काहीच नको.