माळवदावरून लंडन

पाइप घट्ट धर. साल 1989, गाव लातूर, गंजगोलाईपासून दोन गल्ल्या आत. माळवदावरची माती तापलीय आणि तू अनवाणी आहेस. अँटेनावर बसलेला कावळा आत्ताच उडाला, जाताना सगळा दांडा हलवून गेला. खाली खोलीत चित्राच्या जागी मुंग्या.

"आलं का?" तू ओरडतोस.

"गेलं! औशाकडं फिरव जरा!" जिन्यातून दादाचा आवाज. "बारक्या, हळू!"

खाली 'इंद्रधनुष' मालिका लागलीय. पोरांनी कॉम्प्युटर जोडला, त्यात परग्रहावरचा पाहुणा आला आणि आता सगळी वरात काळात मागं चाललीय. गल्लीत कॉम्प्युटर कुणीच पाहिलेला नाही, त्यामुळं तो आणि पाहुणा दोघंही सारखेच खरे. दोन वर्षांपूर्वी याच टीव्हीला 'रामायण' सुरू व्हायच्या आधी आजी हळदकुंकू लावायची. हवेत बाणाला बाण भिडायचा तेव्हा खोलीत कुणी खोकायचं नाही.

पण डोक्यावर बघ. दिल्लीहून निघालेलं चित्र 36 हजार किलोमीटर वर इन्सॅट-1बीपर्यंत जातं, तिथून गावातल्या केंद्राच्या तबकडीत उतरतं, छोट्या मनोऱ्यावरून दहा-पंधरा किलोमीटर पसरतं आणि तुझ्या हातातल्या ॲल्युमिनियमच्या काड्यांना येऊन लागतं. कावळ्यानं अडवलं नाही तर.

गोलाईला सोळा रस्ते फुटतात. तू दांडा वीतभर फिरवतोस आणि सतराव्याला लागतोस.

1975. लातूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका आहे. उमरग्याच्या पलीकडं, गुलबर्गा जिल्ह्यातल्या एका गावात तू उतरतोस. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री आभाळाकडं तोंड करून उभी आहे आणि तिच्या जिवावर चालणाऱ्या एका टीव्हीसमोर अख्खं गाव बसलंय. हा 'साइट'चा प्रयोग: अमेरिकेचा एटीएस-6 उपग्रह, सहा राज्यं, 2400 गावं, मुदत एक वर्ष. आपला मराठवाडा यादीत नाही. तशीच एक छत्री इस्रोनं कोलंबोत आर्थर सी. क्लार्कच्या घरी बसवून दिली. याच इंग्रज विज्ञानकथाकारानं 1945 साली एका वायरलेसच्या मासिकात लिहून ठेवलं होतं, की आभाळात एका जागी थांबलेल्या उपग्रहांवरून जगभर प्रक्षेपण करता येईल. त्याला मानधन कागदावरच्या शब्दांचं मिळालं, छत्री तीस वर्षांनी. वर्षभरानं उपग्रह परत गेला. जत्रा उठावी तसं गाव पुन्हा अंधारात.

आणखी फिरव. 1963, लंडन, लाइम ग्रोव्ह. स्टुडिओ इतका जुना आणि दिव्यांनी इतका तापलेला, की तुला तुझं माळवद आठवावं. कॅमेऱ्यांच्या मागं दिग्दर्शक उभा आहे, वारिस हुसेन. वय चोवीस, जन्म लखनौचा. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, तीही तिशीच्या आतली. समोर निळी पोलिसचौकी, बाहेरून खोक्याएवढी, आतून वाड्याएवढी. 'डॉक्टर हू' मालिकेचा पहिला भाग 23 नोव्हेंबरला लागतो, केनेडींच्या खुनाच्या दुसऱ्या दिवशी. लोकांचं लक्ष भलतीकडं, म्हणून पुढच्या शनिवारी तोच भाग पुन्हा दाखवावा लागतो.

ती चौकी काळात निघते तेव्हाचा घरघराट ऐक. ब्रायन हॉजसन नावाचा माणूस मोडक्या पियानोच्या जाड तारांवर घराची किल्ली घासतोय. बस, एवढंच. किल्ली आईच्या घराची. मग टेपचा वेग बदलायचा, ती उलटी फिरवायची, की घरघरीतून काळ हलतो. खर्चाच्या मानानं आपला तमाशाचा फडही श्रीमंत म्हणायचा.

दोन वर्षं अजून मागं, 1961. केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी जॉन एलियटबरोबर बीबीसीसाठी सात भागांची मालिका लिहिलीय, 'ए फॉर अँड्रोमेडा'. आकाशातून संदेश येतो, त्यात एक कॉम्प्युटर बांधायची कृती असते, माणसं तो बांधतात आणि पस्तावतात. कॉम्प्युटर, परग्रह... खाली दादा बघतोय त्याचा हा विलायती थोरला भाऊच म्हण की.

त्याच केंब्रिजमध्ये हॉईल यांच्या हाताखाली कोल्हापुरात जन्मलेला एक तरुण संशोधन करतोय. 1972 साली तो मायदेशी परततो. पुढं दोन वर्षांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची कथा येते. लेखक नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाच: ज. वि. ना., म्हणजे तोच तरुण. ओळख पटू नये म्हणून अक्षरही पत्नी मंगलाताईंचं. कथेला पहिलं बक्षीस मिळतं. हॉईल यांची तालीम मराठीत उतरली ती अशी, कागदाच्या वाटेनं.

ती तुझ्यापर्यंतही आली होती. नांदेडला मामाकडं, उन्हाळ्याच्या सुट्टीत. वजिराबादेतल्या घराच्या अंगणात बाजा टाकलेल्या, मामाच्या हातात वाचनालयातून आणलेलं त्याच लेखकाचं 'यक्षांची देणगी'. मामा मोठ्यानं वाचायचा, तू डोळे मिटून ऐकायचास. मामी म्हणायची, "अहो, पोरगं झोपलं." झोपलं नव्हतं.

आता परत निघ, पण वाटेत बीबीसीच्या तळघरात डोकाव. टेप महाग, म्हणून जुनं पुसून त्यावर नवं भरतायत. 'अँड्रोमेडा'च्या सातांतला जेमतेम एक भाग धड उरेल. 'डॉक्टर हू'च्या शंभराच्या आसपास भागांचं चित्र जाईल. आवाज मात्र त्या सगळ्या भागांचे वाचतील, कारण इंग्लंडातली काही पोरं घरच्या टीव्हीच्या स्पीकरपुढं टेपरेकॉर्डर धरून बसली होती. आईनं मध्येच चहाला हाक मारू नये एवढीच त्यांची प्रार्थना.

"आलं! आलं! बारक्या, हलू नको!"

1989. पाइप तुझ्या हातात, तळवे भाजतायत. सोडलास की चित्र जाणार, म्हणून पोरं काळातून परत येईपर्यंत तुला इथंच उभं राहायचंय. खालून संगीत येतं, मग कुणाची तरी किंकाळी, मग सगळी खोली एकदम हसते.

"काय झालं रे?" तू विचारतोस.

"गप! नंतर सांगतो."