मेचन, जॉन ग्रेशम

(२८ जुलै १८८१ – १ जानेवारी १९३७). अमेरिकन प्रेसबिटेरियन धर्मपंडित व नव्या कराराचे अभ्यासक. उदारमतवादी ईश्वरविज्ञान आणि बायबलची आधुनिक चिकित्सा यांविषयी परंपरानिष्ठ ख्रिस्ती लोकांना वाटणारी काळजी त्यांनी पांडित्याच्या भाषेत मांडली. या बाजूने पुष्कळांनी लिहिले, पण प्रतिपक्षाचे ग्रंथ मुळातून वाचून त्याच्याच शस्त्रांनी लढणारे थोडे. त्यांत मेचन अग्रणी ठरतात.

त्यांचा जन्म बॉल्टिमोर येथे एका सुखवस्तू वकिलाच्या घरी झाला. बायबल आणि वेस्टमिन्स्टरची प्रश्नोत्तरी यांचे शिक्षण घरीच मिळाले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ग्रीक व लॅटिन शिकून ते प्रिन्स्टनच्या धर्मविद्यालयात गेले आणि १९०५-०६ मध्ये मारबुर्ग व गटिंगेन येथे शिकले. मारबुर्गला विल्हेल्म हेरमान यांच्या व्याख्यानांनी त्यांना मुळापासून हादरवले. चमत्कार घडले की नाही, शुभवर्तमानातला कोणता प्रसंग खरा, या प्रश्नांवर श्रद्धा अवलंबून नाही. येशूच्या व्यक्तिमत्त्वाची अंतःकरणावर पडणारी छाप हाच तिचा पाया, असे हेरमान शिकवत. ते स्वतः ख्रिस्तावर जीव ओवाळून टाकणारे होते. मेचन यांनी त्या दिवसांत घरी लिहिलेल्या पत्रांत त्यांच्याविषयीचा आदर आणि स्वतःच्या मनातली घालमेल दोन्ही दिसतात. उदारमताची ओढ काय असते हे ते अनुभवाने जाणत होते आणि त्यांच्या पुढच्या लेखनाचे बळ यातच आहे. १९०६ मध्ये ते प्रिन्स्टनला नव्या कराराचे अध्यापक झाले, मात्र शंकांचे निरसन होईपर्यंत त्यांनी दीक्षा घेतली नाही. ती १९१४ मध्ये घेतली.

त्या काळी जर्मन विद्यापीठांतून आलेल्या विचारांनी अमेरिकेतल्या मंडळ्या ढवळून निघत होत्या. मोशेचे म्हणून मानलेले पाच ग्रंथ वेगवेगळ्या काळांतल्या दस्तऐवजांतून जुळवले गेले, हे वेलहाउझेन यांचे प्रतिपादन विद्वानांत रूढ झाले होते. आडोल्फ फोन हारनाक यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत ख्रिस्ती धर्माचे सार देवाचे पितृत्व आणि मानवी आत्म्याचे अमोल मोल यांत पाहिले. व्रेडे यांनी पौलाला ख्रिस्ती धर्माचा दुसरा संस्थापक ठरवले, तर बूसेट यांच्या मते येशूला ‘प्रभू’ मानून भजण्याची रीत अंत्युखियासारख्या ग्रीक वळणाच्या नगरांतल्या पंथांच्या वातावरणात रुजली. परंपरानिष्ठांची भीती अशी होती की, हे सारे मान्य केले तर नाझरेथचा एक थोर शिक्षक उरेल, तारणारा उरणार नाही.

मेचन यांचे पहिले मोठे उत्तर म्हणजे ‘द ओरिजिन ऑफ पॉल्स रिलिजन’ (१९२१). व्हर्जिनियातील रिचमंड येथे दिलेल्या व्याख्यानांचा हा ग्रंथ. त्यातला युक्तिवाद पत्रांच्या काळापासून सुरू होतो. गलतीकरांस लिहिलेले पत्र पौलाचेच, हे बहुतेक कडव्या चिकित्सकांनाही मान्य होते. त्या पत्रात पौल सांगतो की, परिवर्तनानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमास पेत्राला भेटायला गेला, त्याच्याजवळ पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा बंधू याकोब यालाही भेटला. म्हणजे येशूबरोबर जेवलेखाल्लेल्या, त्याच्याच घरात वाढलेल्या माणसांशी त्याची प्रत्यक्ष ओळख होती. पुढे नियमशास्त्र आणि सुंता यांवरून पौलाचे यरुशलेमकडच्या लोकांशी कडाक्याचे भांडण झाले, तेही त्याने लपवले नाही. पण येशूला स्वर्गीय प्रभू मानण्यावरून वाद झाल्याची खूण या पत्रांत कुठेच नाही. देव एकच, ही ज्यांची रोजची प्रार्थना त्या यहुदी लोकांनी ही गोष्ट मुकाट्याने चालू दिली, ती का? ते स्वतःही तेच मानत होते, याखेरीज दुसरे उत्तर मेचन यांना पटत नाही. येशूच्या देवत्वाची कल्पना पिढ्यानुपिढ्या हळूहळू साचत गेली असे म्हणायला मग काळच उरत नाही. या पुराव्याची धार शंभर वर्षांनंतरही बोथट झालेली नाही. ‘द व्हर्जिन बर्थ ऑफ क्राइस्ट’ (१९३०) मध्ये त्यांनी हीच चिकाटी लूकच्या पहिल्या दोन अध्यायांवर लावली. त्या अध्यायांची घडण अस्सल पॅलेस्टाइनी यहुदी असून कुमारीजन्माचा भाग मागाहून घुसडलेला नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

सामान्य वाचकांत नाव झाले ते ‘ख्रिश्चॅनिटी अँड लिबरॅलिझम’ (१९२३) या छोट्या पुस्तकाने. उदारमतवाद ही ख्रिस्ती धर्माची सौम्य आवृत्ती नसून तो वेगळाच धर्म आहे, हा त्याचा सरळ दावा. ख्रिस्ती संदेश म्हणजे घडलेल्या घटनेची वार्ता. ख्रिस्त मेला आणि उठला हे वृत्त काढून घेतले तर उपदेश राहतो, सुवार्ता राहत नाही. दुसरा मुद्दा प्रामाणिकपणाचा. दीक्षेच्या वेळी वेस्टमिन्स्टरच्या मतांगीकाराला, म्हणजे प्रेसबिटेरियन मंडळीच्या अधिकृत श्रद्धाविधानाला, होकार द्यायचा आणि व्यासपीठावरून त्याचेच शब्द वेगळ्या अर्थाने वापरायचे, हे त्यांना असह्य होते. वॉल्टर लिपमन यांच्यासारख्या श्रद्धेबाहेरच्या लेखकानेही या पुस्तकाच्या तर्कशुद्धतेची वाखाणणी केली. ‘मूलतत्त्ववादी’ हे बिरूद मेचन यांना आवडत नसे. उत्क्रांतिवादावरून १९२५ मध्ये टेनेसीत गाजलेल्या स्कोप्स खटल्यात साक्ष देण्याचे आमंत्रणही त्यांनी नाकारले.

प्रेसबिटेरियन मंडळीतला संघर्ष त्याआधीच पेटला होता. न्यूयॉर्कमध्ये २१ मे १९२२ रोजी उदारमतवादी प्रवचनकार हॅरी इमर्सन फॉस्डिक यांनी मूलतत्त्ववाद्यांना आव्हान देणारे प्रवचन केले. १९२३ च्या महासभेने शास्त्राची निर्दोषता, कुमारीजन्म, प्रायश्चित्त, सदेह पुनरुत्थान आणि चमत्कार हे पाच मुद्दे अत्यावश्यक असल्याचे पुन्हा घोषित केले. लगेच १९२४ मध्ये बाराशेहून अधिक पाळकांनी ऑबर्न निवेदनावर सह्या करून त्या सक्तीला विरोध नोंदवला. १९२९ मध्ये प्रिन्स्टनच्या कारभाराची फेररचना झाली, तेव्हा ती उदारमताला वाव देणारी वाटून मेचन बाहेर पडले आणि त्यांनी फिलाडेल्फियात वेस्टमिन्स्टर धर्मविद्यालय सुरू केले.

अखेरची ठिणगी मिशनकार्यावरून पडली. रॉकफेलर यांच्या पैशातून झालेल्या पाहणीचा ‘री-थिंकिंग मिशन्स’ हा अहवाल १९३२ मध्ये आला. तत्त्वज्ञ हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने भारत, ब्रह्मदेश, चीन व जपानमधील कार्य तपासून इतर धर्मांशी सहकार्याची दिशा सुचवली. चीनमधील मिशनरी, कादंबरीकार पर्ल बक यांनी अहवालाचे स्वागत केले. आपल्याकडे कोल्हापूर, सांगली, मिरज भागातले कार्य ज्या प्रेसबिटेरियन परदेशी मिशन मंडळाखाली चाले, तेच हे मंडळ आता मेचन यांच्या टीकेचे लक्ष्य झाले. १९३३ मध्ये त्यांनी स्वतंत्र मंडळ काढले, महासभेचा ते सोडण्याचा आदेश धुडकावला आणि १९३५ मध्ये त्यांच्यावर मंडळीच्या न्यायासनापुढे खटला चालला. खटल्यात त्यांना सैद्धांतिक बाजू मांडूच दिली नाही. सहिष्णुतेचा कैवार घेणाऱ्या मंडळीने असे वागावे, हा तिच्या नावावरचा डाग आहे. त्यांना झालेली निलंबनाची शिक्षा १९३६ मध्ये कायम झाली. त्याच वर्षी जूनमध्ये मेचन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी मंडळी स्थापली. १९३९ पासून ती ‘ऑर्थोडॉक्स प्रेसबिटेरियन चर्च’ या नावाने ओळखली जाते. नॉर्थ डकोटात व्याख्यानांसाठी गेले असता बिस्मार्क येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चरित्रात एक गोष्ट खटकते आणि ती झाकू नये. १९१३ मध्ये प्रिन्स्टनच्या वसतिगृहात कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला जागा देण्यास त्यांचा विरोध होता. त्यांचे गुरू वॉरफील्ड यांची भूमिका याच्या नेमकी उलट होती. म्हणजे काळाचे कारण पुढे करून हा दोष पुसता येत नाही. दुसरी उणीव त्यांच्या पक्षाची आहे. मोशेच्या पाच ग्रंथांच्या रचनेबाबत परंपरानिष्ठांची बाजू मेचन यांच्या पौलविषयक मांडणीइतकी भक्कम कधीच उभी राहिली नाही.

भारतात याच धाटणीच्या शास्त्रनिष्ठ शिक्षणासाठी यवतमाळ येथे १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्यास आली. मेचन यांचे नवशिक्यांसाठीचे ग्रीक पाठ्यपुस्तक (१९२३) अनेक पिढ्यांतल्या विद्यार्थ्यांनी वापरले. त्यांची पुस्तके वाचू इच्छिणाऱ्याने मात्र गाजलेल्या पुस्तकाआधी पौलावरचा ग्रंथ वाचावा आणि शेजारी गलतीकरांस पत्राचे पहिले दोन अध्याय उघडे ठेवावेत.