हॉपकिन, मेरी

हॉपकिन, मेरी : (३ मे १९५० – ). वेल्श गायिका. जन्म दक्षिण वेल्समधील पाँटारडावे येथे. शाळकरी वयातच त्या लोकगीते गाऊ लागल्या आणि वेल्श भाषेत त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. १९६८ मध्ये ‘ऑपॉर्च्युनिटी नॉक्स’ या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत ट्विगी या मॉडेलने त्यांना ऐकले आणि बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला कळवले. बीटल्सची ‘अ‍ॅपल’ कंपनी नुकतीच उभी राहत होती. तिने ही अठरा वर्षांची मुलगी लगेच करारबद्ध केली.

‘दोज वेअर द डेज’ हे त्यांचे पहिलेच मोठे गाणे. चाल बोरिस फोमिन या रशियन संगीतकाराची, इंग्रजी शब्द जीन रास्किन यांचे. मॅकार्टनीने ते पूर्वी लंडनच्या एका क्लबात ऐकले होते आणि ते त्याच्या मनात घर करून होते. रिचर्ड ह्यूसन यांच्या संयोजनात संतूरच्या जातीचे सिम्बालोम वाजते, मुलांचा कोरस येतो. पण गाणे पेलते ते हॉपकिन यांच्या स्वच्छ, जराही न थरथरणाऱ्या सुराने. तारुण्य सरल्याची हळहळ अठराव्या वर्षी इतक्या संयमाने गाणे सोपे नव्हे. ब्रिटनमध्ये या गाण्याने बीटल्सच्याच ‘हे ज्यूड’ला पहिल्या क्रमांकावरून हटवले आणि सहा आठवडे ते तिथे राहिले. अमेरिकेत मात्र ‘हे ज्यूड’नेच त्याला दुसऱ्या स्थानावर रोखून धरले. फ्रेंच, इटालियन, जर्मन आणि स्पॅनिशमध्येही त्यांनी ते गायले.

१९६९ मध्ये ‘गुडबाय’ हे गाणे ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. पुढच्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या युरोव्हिजन स्पर्धेत त्या आयर्लंडच्या डेनापाठोपाठ दुसऱ्या आल्या. तिथले ‘नॉक, नॉक हूज देअर?’ हे गाणे त्यांना मनापासून नावडते होते. लोकसंगीतात रमणाऱ्या गायिकेला बाजार हलकीफुलकी पॉप गाणी देत राहिला, ही या कारकिर्दीची खरी अडचण.

‘अर्थ साँग/ओशन साँग’ (१९७१) या संग्रहात त्यांना हवे ते गाता आले. राल्फ मॅकटेल आणि कॅट स्टीव्हन्स यांची गाणी त्यात आहेत. निर्माते टोनी व्हिस्काँटी यांच्याशी त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला आणि संसारासाठी त्या झगमगाटातून बाजूला झाल्या. अधूनमधून त्या गात राहिल्या. डेव्हिड बोवीच्या ‘साउंड अँड व्हिजन’मध्येही (१९७७) त्यांचा आवाज आहे.

वाचकाने ओळख पहिल्या गाण्याने जरूर करून घ्यावी, पण या गायिकेची खरी योग्यता १९७१ च्या संग्रहातच कळते.