ऑस्ट्रेलियन एथिकल : निवृत्तीची पुंजी आणि सदसद्विवेक

ऑस्ट्रेलियन एथिकल ही ऑस्ट्रेलियातील नैतिक गुंतवणूक व निवृत्तिनिधी यांचे व्यवस्थापन करणारी कंपनी होय. १९८६ साली कॅनबेरा येथे तिची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांपैकी कॅरोलिन ल कूटर या पुढे ग्रीन्स पक्षाच्या वतीने राजधानी प्रदेशाच्या विधानसभेवर निवडून आल्या. १९९८ मध्ये कंपनीने निवृत्तिनिधी सुरू केला आणि २००२ पासून तिचे समभाग ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात नोंदलेले आहेत. जून २०२४ अखेर तिच्या व्यवस्थापनाखाली दहा अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम होती. त्याच वर्षी तिने कर्जरोख्यांच्या क्षेत्रातील ऑल्टियस ही संस्था आपल्यात सामावून घेतली.

आपल्या कुटुंबांतील काही मुले-मुली आज सिडनी-मेलबर्नकडे नोकरी करीत आहेत. त्यांच्या पगारपत्रकावर ‘सुपर’ हा शब्द असतो. सुपरॲन्युएशन म्हणजे निवृत्तीसाठी मालकाने सक्तीने भरावयाची रक्कम. १९९२ मध्ये ही सक्ती झाली तेव्हा दर पगाराच्या ३ टक्के होता. १ जुलै २०२५ पासून तो १२ टक्के झाला आहे. आपल्याकडील भविष्य निर्वाह निधीशी याचे साम्य दिसत असले तरी एक भेद मोठा आहे. आपला भविष्य निर्वाह निधी कोठे गुंतवला जावा हे सभासद ठरवीत नाही. ऑस्ट्रेलियात मात्र २००५ पासून बहुतेक नोकरदारांना आपला निधी निवडण्याचा हक्क मिळाला. २०२४ अखेर अशा सर्व निधींची मिळून पुंजी चार लाख कोटी डॉलरच्या पुढे गेली होती. एवढा पैसा कोळशाच्या खाणीत जातो की इस्पितळात, दारूच्या कारखान्यात की पवनचक्कीत, हा प्रश्न म्हणूनच तेथे घरोघरी पोहोचला.

प्रश्न नवा नाही. शेजाऱ्याच्या देहाला वा व्यवसायाला इजा करून पैसा मिळवू नये, असे जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात आपल्या प्रवचनातून बजावले होते. १९७१ मध्ये अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळात दोघा मेथॉडिस्टांनी शस्त्रास्त्रांचे उत्पादक टाळणारा ‘पॅक्स वर्ल्ड’ निधी काढला. ऑस्ट्रेलियन एथिकलचा उगम मात्र कोणत्याही चर्चमधून झालेला नाही. तो पर्यावरण आणि सामाजिक न्याय यांच्या चळवळींच्या वातावरणात झाला, आणि हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

कंपनीचा पाया म्हणजे तिची ‘नैतिक सनद’. तीत एकूण २३ तत्त्वे आहेत : १२ कशाला पाठबळ द्यावे हे सांगणारी, ११ काय टाळावे हे सांगणारी. कामगारांचा मालकीत सहभाग, ऊर्जेची बचत, टाकाऊ वस्तूंचा पुनर्वापर, माणसांची व इतर प्राण्यांची प्रतिष्ठा यांना पाठबळ द्यावयाचे. जमीन, हवा, पाणी दूषित करणे, शस्त्रास्त्रे बनविणे, तुटपुंजी मजुरी देऊन पिळवणूक करणे, मानवी हक्क दडपणे, हे टाळावयाचे. काही कलमे तर विशेष विचार करण्यासारखी आहेत. लोकांना ऐपतीबाहेरच्या कर्जात ओढणारा व्यवसाय नको, आणि केवळ सट्ट्याच्या लाभासाठी जमीन घेणे नको. वसई-विरारच्या पट्ट्यात राहून ज्यांनी शेतजमिनींचे भाव चढताना पाहिले आहेत त्यांना या दुसऱ्या कलमाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

सनद कागदावर सोपी वाटते. व्यवहारात तिचा कस लागतो. एखादी बँक घरबांधणीला कर्ज देते आणि वायूच्या प्रकल्पालाही देते. एखादी औषधनिर्माती कंपनी प्राण वाचविते आणि प्राण्यांवर प्रयोगही करते. तेव्हा संशोधकांना दोन्ही बाजू तोलाव्या लागतात. कधी समभाग विकले जातात. कधी ते राखून, भागधारक या नात्याने सभेत प्रश्न विचारून, कंपनीला वळविण्याचा प्रयत्न होतो. कोणता मार्ग योग्य यावर सभासदांमध्येही मतभेद असतात. नफ्याच्या दहा टक्के रक्कम धर्मादाय व पर्यावरणविषयक कार्यासाठी देण्याची तरतूदही कंपनीने केली आहे. २०१५ पासून हे काम तिच्या प्रतिष्ठानामार्फत चालते. तरी ही कंपनी नफ्यासाठी चालणारी आहे, हे विसरता येत नाही. तेथील अनेक मोठे निधी ना-नफा तत्त्वावर चालतात. येथे सभासदाच्या पुंजीबरोबरच शेअर बाजारातील भागधारकाचाही विचार करावा लागतो.

‘नैतिक’, ‘शाश्वत’, ‘हरित’ हे शब्द जाहिरातीत घालणे सोपे असते. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने मर्सर या निवृत्तिनिधी संस्थेला १ कोटी १३ लाख डॉलरचा दंड केला. तिच्या ‘शाश्वत’ म्हणविणाऱ्या पर्यायांत कोळसा, मद्य, जुगार वगळल्याचा दावा होता. प्रत्यक्षात त्यांत इंधनाच्या १५, मद्याच्या १५ आणि जुगाराच्या १९ कंपन्या निघाल्या. पाठोपाठ त्याच वर्षी व्हॅनगार्डला १ कोटी २९ लाख आणि मार्च २०२५ मध्ये ॲक्टिव्ह सुपरला १ कोटी ५ लाख डॉलर भरावे लागले. पूर्वी सभासदाला हे तपासण्याचा फारसा मार्गच नव्हता. २०२२ पासून तेथील निवृत्तिनिधींना आपल्या गुंतवणुकीची संपूर्ण यादी वर्षातून दोनदा जाहीर करावी लागते. माहितीपत्रकातील छायाचित्रांपेक्षा ही यादी वाचणे अधिक उपयोगाचे.

आपल्या वाचकांच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत बोलका भाग २०२१ नंतरचा आहे. त्या वर्षी ‘ॲप्रा’ या नियामक संस्थेने निवृत्तिनिधींची पहिली कामगिरी-चाचणी घेतली. खर्च वजा जाता अनेक वर्षांचा परतावा ठरावीक मापाशी ताडून पाहिला गेला. तपासलेल्या ७६ योजनांपैकी १३ अनुत्तीर्ण ठरल्या. त्या तेरांत दोन नावे ख्रिस्ती होती : ऑस्ट्रेलियन कॅथोलिक सुपरॲन्युएशन आणि ख्रिश्चन सुपर. अनुत्तीर्ण निधीला प्रत्येक सभासदास तसे पत्र लिहून कळवावे लागते. कॅथोलिक शाळांतील शिक्षकांनी आणि इस्पितळांतील परिचारिकांनी हे पत्र कोणत्या मनाने वाचले असेल याची कल्पना करता येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅथोलिक निधी युनिसुपर या मोठ्या निधीत विलीन झाला. ख्रिश्चन सुपरलाही नियामकाने विलीनीकरणाचा आदेश दिला होता. त्याची सुमारे दोन अब्ज डॉलरची पुंजी त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियन एथिकलकडे आली.

हे माप अन्यायाचे आहे, अशी टीका झाली आणि तीत तथ्य आहे. ज्या निर्देशांकाशी तुलना होते त्यात कोळसा आणि तेलही असते. त्यांचे भाव वाढले की ते टाळणारा निधी मागे पडतो. पण निधी लहान असला की खर्चाचा भार प्रत्येक सभासदावर अधिक पडतो, हेही तितकेच खरे. सद्हेतू असला म्हणून विश्वस्ताची हिशेबाच्या जबाबदारीतून सुटका होत नाही. साठीनंतर औषधपाण्याला पैसे कमी पडले तर सभासदाला सनद दाखवून भागणार नाही.

आता दुसरी बाजू. ऑस्ट्रेलियन एथिकलची नीती आणि ख्रिस्तसभेची शिकवण अनेक ठिकाणी जुळतात. पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ (२०१५) या विश्वपत्राशी पर्यावरणविषयक कलमे सहज जोडता येतात. मात्र त्या एकरूप नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्येच व्हॅटिकनच्या सामाजिक शास्त्रविषयक अकादमीने ‘मेन्सुराम बोनाम’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. श्रद्धेशी सुसंगत गुंतवणूक कशी करावी याचे त्यात मार्गदर्शन असून वगळण्याचे २४ निकष आहेत. शस्त्रास्त्रे आणि अश्लील साहित्य यांबरोबर गर्भपात आणि भ्रूणांवरील संशोधन हेही त्यांत येतात. ऑस्ट्रेलियन एथिकलच्या सनदेत मानवी प्रतिष्ठेचा उल्लेख आहे, गर्भपाताचा नाही. म्हणून ‘नैतिक’ हे नाव वाचून कॅथोलिक सभासदाने निश्चिंत होऊ नये. यादी आणि निकष स्वतः पडताळावेत.

तेथे गेलेल्या तरुणांसाठी थोडी व्यावहारिक माहिती. नोव्हेंबर २०२१ पासून पहिला निधी सभासदाला ‘जोडलेला’ राहतो. नोकरी बदलली आणि दुसरा निधी निवडला नाही, तर नवा मालक साधारणपणे त्याच निधीत रक्कम भरतो. त्यामुळे पहिल्या दिवशी घाईत भरलेला अर्ज बरीच वर्षे पाठीशी राहतो. निधी बदलण्यापूर्वी त्याच्याबरोबर असलेला विमा बंद होत नाही ना, हे पाहावे. तात्पुरत्या व्हिसावर गेलेली व्यक्ती देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर आपली रक्कम परत मागू शकते. तिच्यातून सामान्यतः ३५ टक्के आणि ‘वर्किंग हॉलिडे’ व्हिसावर गेलेल्यांच्या बाबतीत ६५ टक्के कर कापला जातो. सहा महिन्यांत मागणी केली नाही तर रक्कम तेथील कर खात्याकडे वर्ग होते. ती बुडत नाही, नंतरही त्या खात्याकडे अर्ज करता येतो. कायम निवास वा नागरिकत्व घेतलेल्यांना ही सवलत नाही. त्यांना निवृत्तीच्या वयापर्यंत थांबावे लागते.